ढगात अडकलेली डिस्क

कोळारच्या औषध गोदामात सकाळी माल भरायची घाई उडाली, की स्क्रीन लाल व्हायची. साठ्याच्या नोंदी दिसेनाशा व्हायच्या आणि इन्सुलिनची खोकी गाडीपाशी अडकून पडायची. मग ईरण्णाबाबांची जीप यायची. हमाल, ड्रायव्हर, पॅकिंगच्या बाया, सगळे हात जोडून गोळा व्हायचे.

"तुमचा डेटा ढगात, त्या क्लाउडमंदी ऱ्हातो म्हनता न्हवं?" कॉम्प्युटरवरून लिंबू उतरवत बाबा म्हणायचे. "ढगातलं समदं माझ्या मुठीत हाय! कुनाची तरी सावली पडायलीय मशीनवर."

आरती लांबत जायची. कापूर विझता विझता स्क्रीन हिरवी व्हायची आणि एकच जयजयकार उठायचा.

सावली म्हणजे सुधारानी. गोदामातली एकटीच संगणक अभियंता. नवरा वारल्यापासून जनवाड्याहून एकटीच ये-जा करायची. तिची कामाची पाळी सकाळची, बिघाडही सकाळचाच. लोकांना एवढं पुरलं.

"आरती होईस्तोवर बाहेर थांबा, सुधाअक्का," मालक श्रीपतराव नजर चुकवून सांगायचे. ती लॅपटॉप घेऊन वजनकाट्याशी उन्हात उभी राहायची. आतल्या घंटेचा आवाज ऐकत यंत्राचे संदेश वाचत राहायची.

एका सकाळी बाबा गरजले, "या बाईला कामावरून काढा, न्हाईतर मी येनार न्हाई!"

सुधारानी आत आली. "काढा मालक. पन आज आरती न करता नुसतं थांबून बघा. मी बी हात लावत न्हाई."

"कोप व्हईल!" बाबा ओरडले.

श्रीपतराव घुटमळले. मग म्हणाले, "थांबू."

घंटा नाही, कापूर नाही. सगळे स्क्रीनकडे टक लावून बसले. बऱ्याच वेळानं ती आपोआप हिरवी झाली.

"हे कामून झालं?" पॅकिंगच्या चन्नव्वानं विचारलं.

"आपला प्रोग्रॅम लांबच्या काही मशीनींच्या जथ्यात चालतो. त्याला क्लस्टर म्हनतेत. सकाळच्या घाईत मेमरी कमी पडून एक मशीन बंद पडते. प्रोग्रॅम दुसरीवर जातो. पन नोंदींची डिस्क एका वेळी एकाच मशीनला जोडता येते, अन् ती पडलेल्या मशीनच्याच नावावर अडकून ऱ्हाते. काही वेळानं क्लस्टर आपनच ती सोडवून नव्या मशीनला जोडतो. बाबांची आरती नेमकी तेवढा वेळ चालते."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा जीपकडे निघाले. त्यांना थांबवायला कुणी गेलं नाही.

मालकांनी आता खर्चाला होकार दिला, तशी सुधारानीनं मेमरी वाढवली. त्यानंतर सकाळची गाडी अडली नाही.

त्या दिवशी दुपारी श्रीपतरावांनी तिला पहिल्यांदाच सगळ्यांसोबत जेवायला बोलावलं. बाया सरकल्या, पण तिच्या बाजूला जरा जास्तच जागा सोडून.

"मशीन कामून पडती ते इचारलंत, बरं केलंत," डबा उघडत ती म्हणाली. "नवरा मेला म्हनून बाईची सावली वाईट कशी होते, हे बी एकदा इचारा. माझ्या सावलीत बसून बी असंच थांबून बघा, काय व्हतंय ते."

ती जेवू लागली.