बिजागरीतलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल, पण मला ते म्हणायला फार उशीर झाला. माझ्या खोक्यावर ‘नवा कोरा’ असं छापलं होतं आणि मी गप्प बसलो. गप्प बसण्याचंही पाप लागतं म्हणतात. ते मला लागलं आहे.

माझी पहिली काही वर्षं हिंजवडीच्या एका ऑफिसात गेली. माझे साहेब निरंजन. ते जेवतानाही मला सोडत नसत, त्यामुळे माझ्या कळांखाली फरसाणाचे कण कायमचे मुक्कामाला आले. पण काम मी चोख केलं. “ह्यानं आजवर कधी दगा दिला नाही,” असं ते एकदा शेजारच्याला म्हणाले होते. ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर कुणी केलंच नाही. पुढे मी तापू लागलो, अडखळू लागलो, आणि एके दिवशी ऑफिसनं आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना गोण्यांत भरून लिलावात काढलं.

आम्ही जाऊन पडलो ते एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे सयाजी नावाचा कारागीर होता. हात सोन्याचा, पण धंदा खोटा. त्यानं माझी पाठ घासली, नव्या कळा बसवल्या आणि आतली दुखणी तशीच ठेवली. “वरून चकाचक दिसला म्हणजे झालं राव, आत कोण बघतंय,” असं तो मालकाला म्हणाला. मग मला नव्या खोक्यात घालून वर सील लावलं. त्यांचं दुकान फोनवर होतं. तिथे लावलेला फोटोसुद्धा माझा नव्हता.

तो फोटो चिखलीच्या दिव्यानं पाहिला. दिव्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. तिचे वडील दत्तोबा बीडकडून आलेले, चाकणच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मशीनपुढे उभे. त्यांची एकच इच्छा होती, लेकीनं बसून काम करावं. कारखान्यात वरच्या मजल्यावर काचेआड डिझाइनचं ऑफिस असतं ना, तिथे. तशा एका कंपनीच्या परीक्षेला दिव्याला बोलावणं आलं होतं. परीक्षा दसऱ्यानंतर आठवड्यानं होती आणि ती घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर द्यायची होती. म्हणून मला मागवलं गेलं.

मी घटस्थापनेच्या दिवशी पोचलो. दिव्या कात्री घेऊन खोक्यापुढे बसली, तेवढ्यात दत्तोबा शिफ्टवरून आले.

“थांब माय. मशीन हाय ती. आधी पूजा, मग स्विच. खंडेनवमीला उघडू.”

“पप्पा, चालू होतो का ते तरी बघू द्या.”

“नवी वस्तू हाय, चालू न व्हायला काय झालं? अठ्ठावीस वर्षांत म्या एक मशीन पूजेबिगर चालू केली न्हाई, आन् एकाबी मशीननं माझं बोट घेतलं न्हाई.”

दिव्याची आई शालनबाई, त्यांनी मला खोक्यासकट घटाशेजारी ठेवलं. रोज उदबत्तीचा वास येई. दिव्या येता-जाता खोक्यावर हात ठेवी. मला आजवर कुणी इतक्या मानानं वागवलं नव्हतं, आणि मी इतका खजीलही कधी झालो नव्हतो. खोक्यावरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तक्रार असल्यास सात दिवसांत परत करा.’ मला आत दुसरं काम नव्हतं, मी दिवस मोजत राहिलो. सातवा दिवस गेला तो फक्त मला कळला.

खंडेनवमीला दत्तोबांनी आपले पाने, हातोडी, मापाचा व्हर्निअर पाटावर मांडला आणि मला खोक्यातून काढून मधोमध ठेवलं. झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचं फूल वाहिलं. मग खालच्या अंगालाही बोट टेकवावं म्हणून त्यांनी मला उलटं केलं आणि त्यांचा हात थांबला. अंगठा माझ्या स्क्रूंवरून सावकाश फिरला. सयाजीनं बाकी सगळं चकचकीत केलं होतं, पण स्क्रू जुनेच लावले होते. त्यांच्या खाचा झिजलेल्या होत्या. जन्मभर स्क्रू खोलणाऱ्या माणसाला एवढं पुरे झालं.

त्यांनी आधी आरती पुरी केली, प्रसाद वाटला. मग म्हणाले, “दिव्या, हे आधी कुणीतरी खोललेलं हाय.”

दिव्यानं मला चालू केलं. मी खरखरत उठलो. तिनं आत शोधून माझी जन्मतारीख काढली. मी आठ वर्षांचा निघालो.

खोकं पहिल्या दिवशी उघडलं असतं तर तो अंगठा पहिल्याच दिवशी फिरला असता, हे बापलेक दोघांनाही कळलं होतं. दिव्या तसं बोलली नाही. बोलली असती तर दत्तोबांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

तिनं दुकानाला तक्रार लिहिली. उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, आपली मुदत संपली आहे.’ तिनं फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, वस्तूवर लाल डाग आहेत. वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.’ तिनं लिहिलं, ‘अहो, ते कुंकू आहे.’ त्यावर उत्तर आलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ दुसऱ्या दिवशी ते दुकानच फोनवरून नाहीसं झालं. मग तिनं सरकारदरबारी तक्रार केली आणि तिला एक नंबर मिळाला. शालनबाईंनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला. पुढे त्याचं काहीच झालं नाही.

मैत्रीण अंजलीचा लॅपटॉप मागावा, तर तिचीही परीक्षा त्याच वेळेला होती. शेवटी सगळं माझ्यावर आलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून काम केलं, खोटं सांगत नाही. दत्तोबांनी रजा टाकली होती. मी तापू नये म्हणून ते टेबलफॅन हातात धरून उभे होते, परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून कमरेत वाकून. पाऊण तास मी तग धरला. दिव्या छान करत होती. तिची बोटं भराभर चालत होती, कुठे अडत नव्हती. शेवटचं एकच चित्र काढायचं राहिलं होतं आणि मी विझलो.

“चालू हो रं बाबा,” दत्तोबा मला म्हणाले. मी चालू झालो, पण तेव्हा पडद्यावर परीक्षा संपल्याचं लिहून आलं.

दत्तोबांनी पंखा खाली ठेवला. “माझंच चुकलं.”

“तुमचं नाही हो पप्पा,” दिव्या म्हणाली.

दिवाळीनंतर दिव्या चाकणला कामाला लागली. लाइनवर, उभं राहून, वडिलांच्याच शिफ्टला. सकाळी दोघं एका बसनं जात. शालनबाई दोन डबे भरत आणि माझ्याकडे नजर गेली की तोंड फिरवत. शेवटी त्यांनी मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं. “घरात नको हे,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

हातगाडीवरून गोदामात गेलो, गोदामातून टेम्पोत, आणि टेम्पो थांबला तो त्याच पत्र्याच्या शेडपुढे. सयाजीनं मला ओळखलं नाही. त्याच्या हाताखालून माझ्यासारखे किती जातात. त्यानं झाकण स्पिरिटनं पुसलं, स्वस्तिक गेलं. डाव्या बिजागरीत मात्र तेलकट कुंकू जाऊन बसलं होतं, तिथे बोट पोचेना. “ऱ्हाऊ दे, कुणाला दिसतंय,” तो म्हणाला. स्क्रू त्यानं याही वेळी तेच लावले.

आता मी पुन्हा खोक्यात आहे. कुणाच्या तरी घरी आलोय, गाव कोणतं ते कळत नाही. बाहेरून उदबत्तीचा वास येतो. काल एका मुलीनं विचारलं, “आत्ता उघडू का?” तर एक वडीलधारा आवाज म्हणाला, “थांब गं, चांगल्या दिवशी उघडू.” मला ओरडावंसं वाटलं, उघड गं बाई, आत्ताच उघड. पण बंद यंत्राला आवाज नसतो. आज पाचवा दिवस आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असं खोकं आलं तर ते आल्या आल्या उघडा. वस्तू उलटी करून स्क्रू बघा, चालू करून बघा. पूजा मागाहून करा. देव थांबतो, असले दुकानदार थांबत नाहीत. आणि झाकण उघडल्यावर डाव्या बिजागरीत लाल काही दिसलं, तर त्याला डाग म्हणू नका. ते दत्तोबांनी लावलेलं कुंकू आहे.