न ओढलेली मूठ

“मूठ का नाही ओढलीत, कॅप्टन?” नामदेवने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

चंदीगडच्या इस्पितळात वैमानिक शिशिरचा उजवा पाय वर टांगलेला होता. फवारणीचं विमान उडताना धापा टाकू लागलं, की वैमानिकाने लाल मूठ ओढायची. टाकीतलं सगळं कीटकनाशक खाली पडतं आणि हलकं झालेलं विमान वर उचललं जातं. शिशिरने ती ओढली नव्हती. विमान मुल्लानपूरच्या धावपट्टीपुढच्या बांधावर आपटलं आणि कंपनीने खापर फोडलं मेकॅनिक नामदेवच्या माथी. म्हणे इंजिनाने दगा दिला! उद्या चौकशी होती.

“आठवत नाही, नामदेवराव.”

नामदेवचं डोकं सणकलं. भारतातल्या झाडून सगळ्या धावपट्ट्या तोंडपाठ असलेल्या माणसाला नेमकं एवढंच आठवू नये? साहेब स्वतःची कातडी वाचवतायत, दुसरं काय! जळगाव सोडून या परमुलखात उभं आयुष्य इंजिनांच्या तेलात घातलं, ते काय याच्यापायी परवाना घालवायला?

“मी उद्या सांगणार. मूठ जागची हललेली नाही म्हणून.”

“सांगा की.”

हा शांतपणाही त्याला खटकला. कंपनीशी आतून काही ठरलं तर नसेल यांचं?

तेवढ्यात डबा घेऊन धावपट्टीशेजारच्या गावातली बलजीत कौर आत आली. धावपट्टीच्या टोकाचं गवत म्हशींसाठी कापायला नामदेवनेच तिला आणि तिच्या जावांना परस्पर मुभा दिली होती. विमान निघायच्या आत बाहेर पडायचं, एवढीच अट. कंपनीला याचा पत्ता नव्हता.

“वीरजी, उस दिन हमें देर हो गई थी,” ती नामदेवला म्हणाली. “जहाज सीधा सिर पे आया. पर इन्होंने वो ज़हर हमारे ऊपर नहीं गिराया, जी.”

“बस, बीबीजी,” शिशिर पुटपुटला.

आपण काय काय समजत होतो या माणसाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही उद्या तेच सांगितलं असतंत, आणि बायकांना आत कुणी सोडलं, हेच आधी विचारलं असतं चौकशीवाल्यांनी. इंजिन चांगलं होतं, भरल्या टाकीचं ओझंच जास्त झालं; ते तपासणीत कळेलच. माझं ‘आठवत नाही’ चालून जाईल.”

दुसऱ्या दिवशी चौकशीत कुणी काही विचारायच्या आधीच नामदेव उभा राहिला.

“साहब, पट्टी के सिरे पर औरतें थीं. उनको मैंने अंदर छोड़ा था.”

मग त्याने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं.