सरळ कापलेली शिवण

"सुईबाई सुई, तू फाटक्याची आई." आई मशीनवर वाकून गुणगुणायची आणि ओळ संपली की तिचा पाय थांबायचा. इतक्या वर्षांनी तो आवाज आज कानात आला, तेव्हा बॅगदुरुस्तीच्या दुकानात त्याच्या मांडीवर एका प्रवासी बॅगेचा निखळलेला पट्टा होता, आणि तो शिवायचं सोडून नुसता बघत बसला होता.

दोरा झिजून तुटला की त्याला मिशा फुटतात. या दोऱ्याची टोकं तुळतुळीत होती. कोणीतरी ब्लेड चालवलं होतं.

त्याने फळीवरच्या बाकीच्या बॅगा खाली घेतल्या. सलूनवाल्याची कातडी पिशवी, औषधांच्या दुकानातल्या बाईंची पर्स, चष्मेवाल्याचं दप्तर. सगळ्यांची उसवण तशीच. सरळ, नेटकी, जपून कापलेली.

गल्लीच्या तोंडाशी बॅगांचं मोठं दुकान झाल्यापासून कोणी बॅग दुरुस्त करून घेईनासं झालं होतं. शिवायच्या खर्चात नवी मिळते, मग शिवतंय कोण? गल्लीतल्या दुकानदारांनी बैठक घेतली, हात वर करून ठरवलं, की एकमेकांना धरून राहायचं. एकही शटर पडू द्यायचं नाही. तेव्हापासून त्याचं काम अचानक वाढलं. "बघा, दिवस फिरले," बायको म्हणाली होती, आणि त्याने ताटावरून मान वर केली नव्हती.

इस्पितळाला कृत्रिम पायांचे पट्टे शिवणारा माणूस हवा होता. तो जाऊन बघून आला होता. एक म्हातारा नवा पट्टा बांधून भिंतीला धरत धरत चालला, तेव्हा याचे हात खिशातल्या खिशात शिवशिवले होते. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

समोरच्या तसबिरी मढवणाऱ्या मावशी आल्या. काखेत एक पिशवी. स्टूल ओढून दारातच बसल्या.

"काय रे, तोंड शिवून बसलायस?"

"मावशी, तुमची ही पिशवी कुठे फाटली?"

"बंदापाशी. जुनीच आहे ती."

त्याने प्रवासी बॅगेचा पट्टा त्यांच्यापुढे धरला. मावशींनी पट्ट्याकडे पाहिलं, मग खाली काढलेल्या बॅगांकडे.

"सलूनवाल्याला बजावलं होतं, जरा वेडंवाकडं काप म्हणून. मेल्याचा हातच सरळ पडतो."

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"असं किती दिवस चालायचं, मावशी?"

"चालेल तितके. आम्ही मेलोय का? उद्या सगळे मिळून तुला नवं मशीन आणतोय. मोटरवालं. सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही."

मागे भिंत होती, पुढे फळी, आणि दारात मावशींचं स्टूल. बाहेर पडायचं तर आधी त्यांना उठवावं लागणार होतं. त्याने सुई उशीत खोचली.

"मशीन नका आणू."

"का? जुन्यात जीव अडकलाय?"

"नाही. मला दुकान बंद करायचंय." मग त्याने इस्पितळाचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचंसुद्धा.

मावशींनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली. कापलेल्या बंदावरून त्या बोट फिरवत राहिल्या.

"बैठकीत का नाही बोललास?"

"कसा बोलणार? सगळ्यांत आधी तुमचाच हात वर गेला."

बाहेर कोणाचं तरी शटर वर सरकलं. मावशींनी मान वळवली नाही.

"तू टक लावून माझ्याकडे बघत होतास, म्हणून गेला," त्या हळूच म्हणाल्या. "लेक कधीची तिच्याकडे राहायला बोलावतेय रे. मलाही जायचंय."