बोळवण

कलाबाई गेली, तिच्या जलदान विधीला शेडवरच्या सगळ्या बाया आल्या होत्या. आबासाहेब मालकही आले. राहात्याजवळ त्यांचं पेरूचं शेड आहे. माझी बायको कलाबाई तिथं पेरू निवडायची आणि मी गाडीत क्रेट चढवायचो.

वंदना झाल्यावर चार लोक बोलले. मग मालक उठले.

"कलाबाई मला घरच्या लेकीसारखी. शनिवारी हातात पैसे पडले की हसत सगळ्यांना सांगायची, मालकांनी बोळवण केली. यापेक्षा मोठं कौतुक काय? आता तिच्या जागेवर दीपाला घेतो. आईचा रोज होता तोच देतो."

शेडवरच्या बनुबाईनं तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी ते ऐकलं.

लेक सासरी निघाली की साडीचोळी देऊन पाठवतात, ती बोळवण. हक्काचं मागणाऱ्याच्या हातावर थोडंसं टेकवून त्याला वाटेला लावतात, तीही बोळवणच. शेडवर गडीही पेरू निवडायचे. काम तेच, पण बायांना निम्मा रोज. म्हणून बाया त्या रोजाला बोळवण म्हणायच्या.

"हसायला काय झालं?" मालक म्हणाले. "कोंडीराम, तू सांग."

दीपानं माझा हात धरला. घरात आता माझीच कमाई होती. गप्प बसलो तर माझं काम टिकणार होतं, आणि पोरगी सोमवारपासून निम्म्या रोजावर जाणार होती.

"मालक, ते कौतुक न्हवतं," मी म्हणालो. "तुमी बायांना थोडक्यात कटवता, असं म्हनायची ती."

मालकांचा चेहरा उतरला. "मेलेल्या बाईच्या नावावर काहीबी खपवतो व्हय रे?"

"मी तर जित्ती हाय ना?" बनुबाई म्हणाली. "मीबी तेच म्हनते. दर शनिवारी. तुमी हसून मान डोलावता."

आता कुणी हसलं नाही.

"कोंडीराम, उद्यापासून शेडवर पाय ठेवायचा नाही," मालक म्हणाले.

"मंग आमीबी न्हाई येनार," बनुबाई म्हणाली. "पेरू पिवळा पडाया लागलाय. बसा तुमीच निवडत. लई हलकं काम हाय म्हनता ना?"

मालक चहा न घेता निघून गेले.

बाया खरंच कामावर गेल्या नाहीत. पेरू थांबत नाही. आठवडा संपायच्या आत मालकांनी त्यांचा रोज वाढवला. गड्यांएवढा केला नाही, पण वाढवला. मला मात्र परत घेतलं नाही.

"अण्णा, तुमाला घेत न्हाईत तर मीबी जानार न्हाई," दीपा म्हणाली.

"जा," मी म्हणालो. "बनुबाईच्या शेजारी बस. तुझी आई तिथंच बसायची. खिडकीचा उजेड चांगला येतो."

ती डबा घेऊन गेली. मी हमालीचं काम बघायला श्रीरामपूरच्या एसटीत बसलो.