आतून लागणारी कडी

मी कडी बोलतेय. दाराला आतून लावतात ना, ती वीतभरही नसलेली लोखंडी कडी. माझ्याकडे कुणी निरखून पाहत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण गेल्या जुलैत जे घडलं, ते मी दाराच्या आतल्या बाजूने पाहिलंय, म्हणून सांगते.

एका लहानशा कारखान्यात मी घडले आणि पुढची तीन वर्षं कळव्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात खोक्यात पडून राहिले. एका दुपारी साठीच्या एक बाई आल्या. साडी नीटनेटकी, पण पायांत पुरुषी चपला, चांगल्या दोन बोटं मोठ्या.

"आतून लागणारी कडी द्या. घट्ट बसणारी," त्या म्हणाल्या.

त्या मंदाकिनीबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळला होता. अर्ध्या तासात बाहेर पडा, असं फर्मान आलं. हाताशी आल्या त्या चपला घालून, नातीला घेऊन त्या उतरल्या. तेव्हापासून बावीस कुटुंबं एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये राहत होती. साड्या बांधून आडोसे केलेले. जेवणाची पाकिटं यायची, चादरी आल्या, देणारे फोटो काढून गेले. बायकांसाठी संडास एकच, आणि त्याच्या दाराला कडीच्या जागी नुसती चार भोकं.

पिशवीत पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होते. त्यांची नात अंतरा, तेरा वर्षांची, तापाने फणफणलेली. लघवीचा त्रास सुरू झालाय, भरपूर पाणी प्यायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती घोटभरसुद्धा घेत नव्हती.

"पाणी प्यायलं की जावं लागतं ना, आजी," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी आत असताना कुणीतरी दार ढकललं. मी पायाने दाबून धरलेलं. तो हसला आणि गेला."

"कोण होता?"

"दिसला नाही गं. म्हणून तर सगळ्यांचीच भीती वाटते."

पिशवीवरची बाईंची पकड घट्ट झालेली मला कळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेचा रखवालदार सुधीर याच्यासमोर धरलं. तो मागे सरकला. "मॅडम, सरकारी प्रॉपर्टी आहे. असं काहीही ठोकता येत नाही. अर्ज द्या."

"दिलाय. आठ दिवस झाले."

"मग येतील ना माणसं. माझी नोकरी जाईल ओ."

शाळेमागच्या जुन्या गावातल्या तुळसाबाई रोज पाण्याची कळशी घेऊन यायच्या. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात राबलेलं शरीर. त्यांनी हे ऐकलं, घरी गेल्या आणि पेचकस घेऊनच परतल्या. दाराचं लाकूड भिजून भुसभुशीत झालेलं. पेच नुसताच फिरायचा. तुळसाबाईंनी भोकांत काडेपेटीच्या काड्या खुपसल्या आणि पुन्हा पिळायला लागल्या. तीन पेच बसले तोच सुधीर आला.

"कुणाला विचारून लावताय?"

"तुझे बायकोला घेऊन ये इथं," तुळसाबाई मान न वळवता म्हणाल्या. "तिला इचार, लावू का नको."

"उद्या साहेब पाहणीला येणारेत. त्याआधी मी काढणार," एवढं बोलून सुधीर गेला. चौथा पेच बसलाच नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला वीज गेली. अंतरा आत आली आणि मला सरकवलं. तिची बोटं गरम होती. थोड्या वेळाने बाहेर पावलं थांबली. कुणीतरी दार हलकेच ढकललं. मग जोरात. मग खांदा लावला.

भोकांतल्या काड्या मोडल्याचं मला जाणवलं. एक पेच अर्धा बाहेर आला. माझं सगळं वजन उरलेल्या दोघांवर. अंतरा भिंतीला चिकटून उभी होती, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. आणखी एक धक्का बसता, तर मी उखडलेच असते.

"आजीऽऽ!"

कसा कोण जाणे, तिचा आवाज फुटला. पावलं पळाली. सगळ्यांत आधी धावत आला तो सुधीर. दार ढकलणारा कुंपणावरून पसार झाला होता. अंतराने दार उघडलं, तेव्हा सुधीरने टॉर्च माझ्यावर धरला. लोंबकळणारा पेच त्याने पाहिला. मग खाली बसला आणि नाण्याच्या कडेने तो पिळू लागला.

सकाळी साहेब आले. मदतीच्या सामानाच्या यादीची फाइल काखेत, रुमाल नाकाला. "ही कडी कुणी लावली? परवानगी कुठाय?"

मंदाकिनीबाई पुढे झाल्या, पण त्यांच्याआधी सुधीर बोलला.

"मी लावली, साहेब. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी खरोखरच लिहून घेतलं. सुधीरला खुलासा द्यावा लागला. दार ढकलणारा माणूस अजून सापडलेला नाही.

मी अजून त्याच दारावर आहे. माणसंही अजून त्याच हॉलमध्ये आहेत. पुढच्या महिन्यात खोल्या मिळतील, असं त्यांना दर महिन्याला सांगतात. आता वरच्या मजल्यावरच्या वर्गांत नदीकाठच्या मोहने गावातून पुरात घरं गेलेली माणसंही आलीत. दिवसभरात किती हात मला सरकवतात, ते मी मोजत नाही. पण प्रत्येक बाई मला लावल्यावर आधी एक श्वास सोडते. तो श्वास बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

साहेब, बेघर माणसांसाठी लागणाऱ्या सामानाची यादी तुम्ही पुन्हा करायला बसाल. तांदूळ लिहाल, चादरी लिहाल. त्याच कागदावर मलाही लिहा.