आडनाव

दुआननं गळ्यातल्या पाटीवरचं आडनाव अंगठ्यानं झाकलं. नाव दिसलं तरी चालेल, आडनाव नको. दोन घरांचं आडनाव एक नसतं, हे थायलंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"माना खाली!"

दोनशे माना खाली गेल्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सगळी पोरं उन्हात मांडी घालून बसलेली. दुसऱ्या वर्षाचे शिस्तवाले रांगांमधून फिरत होते. त्यांना हसायला बंदी. आणि पहिल्या वर्षाच्यांनी त्या सगळ्यांना 'दादा', 'ताई' म्हणायचं, वय काही का असेना. एकानं चूक केली की दोनशे जणांना उठाबशा.

काळ्या शर्टातला तो तिसरा शिस्तवाला म्हणजे ताओ. तिचा सख्खा भाऊ, दोन वर्षांनी लहान. आधी त्याचं शिक्षण होऊ दे म्हणून ती तीन वर्षं कारखान्यात कोळंबी सोलत राहिली. काल फोनवर तो म्हणाला होता, "तिथं मला ओळख द्यायची नाही हं ताई. मोठी बहीण पहिल्या वर्षाला आहे कळलं तर पोरं माझी चटणी करतील."

"काय लपवतेस गं? हात काढ!"

प्रॅव नावाची शिस्तवाली समोर उभी होती. दुआननं उठून हात काढला.

प्रॅवनं आडनाव वाचलं, परत वाचलं. "ए ताओ, इकडे ये. ही कोण तुझी?"

ताओ आला. दुआनला त्याचे फक्त बूट दिसले. ते तिनंच घेऊन दिले होते.

"बहीण," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "धाकटी."

"मग म्हण की गं दादा! का घरी लाड होतात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुआन म्हणाली नाही तर उठाबशा दोनशे जणांना पडणार होत्या.

"दादा."

"ऐकू आलं नाही!" हे प्रॅव नाही, ताओ ओरडला. कानाशी. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"दादा!"

"बस खाली," ताओ म्हणाला.

ती बसली. थोड्या वेळानं शिस्तवाल्यांनी प्रश्नांचे कागद वाटले. इथं येताना काय वाटलं, काय हवंय, अडचण आली तर कोणाकडे जाल. शेजारी बसलेल्या फाय नावाच्या मुलीनं 'चांगलं जेवण' लिहिलं आणि दुआनच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

"वेडी आहेस का? माझं इथं काळं कुत्रं ओळखीचं नाही. तुझा तर दादाच आहे!"

आणि पुढं वाकून तिनंच शेवटच्या ओळीवर लिहून टाकलं, 'दादा.'

पुढच्या रांगेत ताओ ओरडत होता. दुआननं त्या 'दादा'वर अंगठा ठेवला.