एकोणीस नंबरची खाट

पितळेचा तो बिल्ला तिच्या तळहातात गरम झाला होता. दारावरच्या शिपाईणबाईने तिची पिशवी, छत्री, चष्म्याची डबी सगळं ठेवून घेतलं आणि त्याच्या बदल्यात हा हातावर टेकवला. वाटोळा, कडेला झिजलेला, वर आकडा एकतीस. अक्षरांशी तिचं कधी फारसं जमलं नाही, पण आकडे तिच्या धाकात होते. प्रेक्षक-सज्जात बसताना सुनेने कानाशी लागून नियम सांगितले : आई, इथे बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मध्येच उभं राहायचं नाही. ती म्हणाली होती, "म्हणजे तुझ्या माहेरी जेवायला बसल्यासारखंच." सून हसली नाही. ही बाई वेळेवर हसली असं कधी झालंच नाही.

खाली सभागृह, विहिरीत डोकावल्यासारखं. तिसऱ्या रांगेत तिचा मुलगा उभा होता. पाचव्यांदा निवडून आलेला. विरोधकही म्हणायचे, माणूस जुन्या वळणाचा आहे, पण शब्दाचा पक्का. दारू नाही, वाकडं बोलणं नाही, लग्नाच्या बायकोशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही... हे सगळं माझ्या हातचं आहे, असं ती चारचौघींत बेधडक सांगायची, आणि का नाही सांगायचं? तेवीस वर्षं त्याचं प्रत्येक भाषण आधी तिने ऐकलं होतं. सकाळी ती भाजी निवडायची, तो समोर स्टूल ओढून कागद वाचायचा. नाही पटलं की ती मान वर न करता म्हणायची, "काप." आणि तो लाल पेन्सिलीने कापायचा. पेपरवाल्यांना हे ठाऊक होतं. खासदारांची खरी संसद स्वयंपाकघरात भरते, असं एकाने छापलंही होतं, ते कात्रण तिच्या उशीखाली आहे.

आज मात्र त्याने वाचून दाखवलं नव्हतं. नुसता हसला, आज तू तिथेच येऊन ऐक म्हणाला. ठराव तिला माहीत होता : घर सोडून आलेल्या बायकांची सरकारी निवारागृहं बंद करायची, त्या जागी नवराबायकोचा समेट घडवणारी केंद्रं काढायची. संध्याकाळी मतदान. त्याने सांगितला तेव्हा ती शेंगांच्या शिरा काढत राहिली होती. शिरा जरा जास्तच निघाल्या होत्या, इतकंच.

"माझ्या आईने मार खाल्ला, अध्यक्ष महोदय."

तो वर बघत नव्हता.

"घरापासून दोन रस्ते सोडून निवारागृह होतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. पण ती गेली नाही. एक दिवस नाही. ती गेली असती, तर मी आज इथे उभा नसतो."

ऐकलेलं आत उतरायला वेळ लागला... कानाशी आलं, तिथेच थांबलं, जसं गरम पाणी पायावर पडल्यावर आधी काहीच कळत नाही. मग बाकं वाजली. खालची माणसं माना वळवून वर बघू लागली, सुनेने तिचा हात दाबला, सुनेच्या डोळ्यांत पाणी! आणि तिची मान खाली झुकली, कुणी सांगितलं नव्हतं तरी, नमस्कार घेतल्यासारखी. झुकल्यावर तिला कळलं की ती झुकली.

आठ महिने. एक दिवस नाही म्हणे. आठ महिने राहिले मी तिथे, तुला कडेवर घेऊन गेले, सहा वर्षांचा घोडा होतास आणि तरी कडेवर, कारण पायांत चपला घालायला वेळ नव्हता. तीस खाटा एका खोलीत. आपली एकोणीस. पोरांच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, खिळ्याने ठोकून काढलेला आकडा, तो दाखवला की दूध. तू त्याची कड चावायचास. तिथल्या बाईने तुला वाचायला शिकवलं, भिंतीवरची नियमांची पाटी पुढे धरून, आणि एका दुपारी तू खाटेवर उभा राहून ती सगळी पाटी मोठ्याने वाचलीस, बायका हसून हसून टाळ्या वाजवत होत्या. बऱ्याच दिवसांनी हसत होत्या. शेवटच्या नियमाला, आठनंतर दार उघडणार नाही, मी म्हणाले होते, "तेवढं काप."

तेच पहिलं भाषण. तिथलं.

मग नवरा फाटकाशी येऊन रडला आणि ती परतली. त्यानंतर त्याने हात उचलला नाही असं नाही, पण विचार करून उचलला, कारण ही जाऊ शकते हे त्याने एकदा पाहिलं होतं. परतीच्या वाटेवर तिने पोराचा दंड धरून बजावलं होतं : कुणी विचारलं तर मावशीकडे होतो म्हणायचं, मरेपर्यंत. तिला बहीण नव्हतीच. कुणी विचारलंही नाही.

विसरला असेल. सहा वर्षांच्या पोराला काय आठवणार... ती बिल्ला मुठीत घट्ट धरून हेच घोकत राहिली. विसरला असेल, तर दोष कुणाचाच नाही.

बाहेरच्या लांब मार्गिकेत तो तिच्याकडे आला तेव्हा लोक बाजूला सरले. मतदानाच्या घंटेला दहा मिनिटं होती. तो वाकला. "कसं झालं?"

"सकाळी वाचून का नाही दाखवलंस?"

"तू कापलं असतंस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा अंगठा कॉलरखाली गेला, टाय सारखा केल्यासारखा. ही सवय ती कितीतरी वर्षं बघत आली होती. टाय नसतानाही अंगठा तिथेच जायचा, गळ्याशी, बिल्ल्याच्या दोऱ्याच्या जागी.

"एकोणीस नंबरची खाट," तो अगदी हळू म्हणाला. "विसरलो नाही आई. पण तू सांगितलं होतंस ना, मावशीकडे. पंचेचाळीस वर्षांत बायकोलासुद्धा बोललो नाही."

आणि त्याचा चेहरा! पाटी पूर्ण वाचून झाल्यावर खाटेवरून खाली बघणारा तोच, शाबासकीसाठी थांबलेला.

खोटं बोलणारा पोरगा असता तर तिने चारचौघांत कान पिळला असता, ते तिला येत होतं. पण हा शब्द पाळत होता. माझाच. मी दिलेला शब्द घेऊन हा पंचेचाळीस वर्षं उभा होता, आणि आज त्याने त्या खोलीचं दार त्याच शब्दाने ओढून घेतलं होतं. आता कुठेतरी एकोणिसाव्या खाटेवर कोण निजलं असेल... कुणाच्या पोराने कड चावली असेल...

"काही कापायचं होतं?" तो म्हणाला, हसतच. लाल पेन्सील खिशात दिसत होती.

सून मागून आली, आई, बिल्ला द्या, पिशवी सोडवून आणते म्हणाली. तिने मूठ उघडली नाही. घंटा वाजू लागली, लांबलचक, शाळेसारखी. तो निघेना. तिचं ऐकल्याशिवाय तो आजवर कधी निघालाच नव्हता. वाकलेलाच राहिला, कान तिच्या तोंडाशी.

इतकी वर्षं त्या फाटकातून आत गेल्याची लाज तिने उशीखाली कात्रणाबरोबर दाबून ठेवली होती. आता चाचपून पाहिलं, तर ती तिथे नव्हती. दुसरीच एक लाज होती, जड, नवी, मावशीचं खोटं शिकवल्याची. तिने तोंड उघडलं. बिल्ल्याची कड तळहातात रुतत होती आणि घंटा अजून वाजत होती.